सीसी नंतर, आधी वजन

मोटरसायकल घ्यायची ठरली की घरात प्रत्येकाचं मत तयार असतं. वडिलांना एव्हरेज हवं, आईला फार पळणारी गाडी नको, मित्रांना बुलेट किंवा ड्यूकच्या खालचं काही दिसत नाही, आणि ज्याला चालवायची आहे त्याचा रंगसुद्धा ठरलेला असतो. या गदारोळात एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्याने आजवर क्लच हातात धरलेला नाही, त्याला शिकायला कोणती गाडी सोपी जाईल? हा लेख तेवढ्या प्रश्नापुरता आहे. दुसरी-तिसरी गाडी घेणाऱ्यांचे निकष वेगळे, त्यांनी हा वाचला नाही तरी चालेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पहिली मोटरसायकल १०० ते १६० सीसीच्या दरम्यानची, दीडशे किलोच्या आतली आणि पाय नीट टेकतील अशी घ्यावी. खिसा परवानगी देत असेल तर एबीएस असलेली घ्यावी. आणि दोन-तीन वर्षांनी ती विकायचीच आहे, हे मनाशी धरून घ्यावी. पहिल्याच गाडीत आयुष्यभराची हौस भागवायला गेलं की गाडीही पेलत नाही आणि हौसही फिटत नाही.

वजनापासून सुरुवात करू, कारण जाहिरातीत त्याचा उल्लेख सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात बारीक अक्षरांत असतो. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची आहे. शाइन १२५ तिच्याच आसपास, रेडर १२३ किलो, यामाहाची एफझी १३६-१३७. रॉयल एनफिल्डची हंटर ३५० मात्र १८१ किलोची आणि क्लासिक ३५० तर १९५ किलोची. म्हणजे स्प्लेंडर आणि क्लासिक यांच्यात एका धडधाकट माणसाच्या वजनाचा फरक आहे. गाडी चालत असताना हा फरक जाणवत नाही. म्हणूनच मित्राची बुलेट मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून आलेला नवखा माणूस ‘काही जड नाही रे’ म्हणतो. वजन कळतं ते सिग्नलला थांबताना, चिंचोळ्या बोळात यू टर्न घेताना, उतारावर नाक खाली करून लावलेली गाडी मागे ओढताना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरांच्या मधून काढताना. पावसाळ्यात चिखलात एक पाय सरकला आणि गाडी एका विशिष्ट कोनापलीकडे झुकली, की साठ किलोचा माणूस दोनशे किलो सावरू शकत नाही. नवखे लोक वेगात कमी पडतात आणि उभ्या गाडीसकट जास्त पडतात. त्यात इजा फारशी होत नाही, पण आरसा जातो, लिव्हर मोडतं, आणि मुख्य म्हणजे आत्मविश्वास जातो. तो शोरूममध्ये सुटा मिळत नाही.

म्हणून शोरूममध्ये गेल्यावर विक्रेता मोबाइल कनेक्टिव्हिटीबद्दल बोलायला लागला की त्याला थांबवा आणि गाडी स्टँडवरून काढायला सांगा. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून ती स्वतः दहा पावलं मागे ढकला. मग डावीकडे पूर्ण हँडल वळवून एक गोल फेरी मारा, चालवत नव्हे, हाताने धरून. डबल स्टँडवर लावा आणि काढा. हे सगळं दम न लागता जमलं तर ती गाडी तुमच्या आवाक्यातली. विक्रेता जरा चक्रावेल, पण गाडी दोन-तीन वर्षं त्याला ढकलायची नाही.

त्यानंतर बसून बघा, आणि रोज जे बूट-चपला घालता त्या घालूनच बसा. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर पक्के टेकले पाहिजेत. एक पाय पूर्ण टेकून दुसरा अधांतरी राहत असेल तर शिकण्याच्या काळात ती गाडी नको. सीटची उंची कंपनी मिलिमीटरमध्ये देते: स्प्लेंडर ७८५, रेडर ७८०, क्लासिक ८०५, आर१५ ची ८१५, ३९० ड्यूक आणि एक्सपल्ससारख्या गाड्या ८२० च्या आसपास किंवा वर. उंची पाच फूट चार इंचांहून कमी असेल तर आठशेच्या आतल्या गाड्या आधी पाहा. मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तितक्याच उंचीच्या दुसऱ्या गाडीपेक्षा पाय कमी टेकतो. मुलींना दुकानात हमखास ‘तुम्ही स्कूटरच घ्या ना मॅडम’ हा सल्ला मिळतो. त्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही. कमी उंचीच्या, सव्वाशे किलोच्या आतल्या गिअरच्या गाड्या बाजारात भरपूर आहेत, आणि पाय टेकण्याचा नियम बाई-पुरुष बघत नाही.

आता सीसी. मोठ्या इंजिनाच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा हायवेचा असतो. हायवेला ताकद पाहिजे, लहान गाडी दमते, वगैरे. महाराष्ट्रात हा मुद्दा तपासून पाहिला तर बराचसा गळून पडतो. ज्या रस्त्यांवर वेगाची खरी चंगळ आहे ते मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, या सगळ्यांवर दुचाकीला बंदीच आहे. मुंबईहून पुण्याला मोटरसायकलने जायचं तर जुन्या महामार्गानेच जावं लागतं. शिवाय केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत मोटरसायकलसाठी चौपदरी महामार्गावर ताशी ८० किलोमीटर आणि शहराच्या हद्दीत ६० ही कमाल वेगमर्यादा दिली आहे, आणि स्थानिक प्रशासन ती आणखी कमी करू शकतं. ऐंशीचा वेग सव्वाशे सीसीची साधी गाडी सहज गाठते. त्यापुढची ताकद विकत घेता येते, पण ती वापरायला कायदेशीर रस्ता नाही.

लहान इंजिनाच्या बाजूने याहून महत्त्वाची गोष्ट शिकण्याशी संबंधित आहे. नवखा माणूस क्लच अचानक सोडतो. गाडी झटका देऊन पुढे जाते, अंग मागे फेकलं जातं, हँडल घट्ट धरलेलं असल्यामुळे उजवं मनगट आणखी मागे वळतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर अजून उघडतो. भीतीने बोटं ब्रेकवर जायच्या ऐवजी मूठ आवळली जाते. स्प्लेंडरच्या आठ हॉर्सपॉवरमध्ये या चुकीचा शेवट गाडी बंद पडण्यात किंवा दोन-तीन फूट उडी मारण्यात होतो. चाकणलाच तयार होणाऱ्या ट्रायम्फ स्पीड ४०० मध्ये चाळीस हॉर्सपॉवर आहेत. तिथे याच चुकीचा शेवट समोरच्या भिंतीवर किंवा रिक्षावर होऊ शकतो. चूक तीच असते, तिची किंमत इंजिन ठरवतं.

बुलेटवाल्यांवर अन्याय नको म्हणून हेही सांगायला हवं: ३५० सीसीच्या रॉयल एनफिल्डचं इंजिन स्वभावाने आडदांड नाही. वीस हॉर्सपॉवरच्या आसपासची ताकद, तीही कमी आरपीएमला सावकाश मिळणारी. क्लच-गिअरच्या दृष्टीने ती गाडी शिकाऊ माणसाला बरीच सांभाळून घेते. अडचण आहे ती फक्त वजनाची. अंगात बळ असेल, उंची असेल आणि आधी वर्षभर दुसऱ्याची हलकी गाडी चालवून झाली असेल, तर खुशाल घ्या. पण ‘बुलेटवर शिकलो की कोणतीही गाडी येते’ हे जे गावोगाव सांगितलं जातं, त्यात शिकताना कितीदा पाडली हे सांगितलेलं नसतं.

शंभर सीसी पुरेल की सव्वाशे-दीडशे घ्यावी, हे तुमच्या रोजच्या रस्त्यावर ठरवा. एकट्याने कॉलेज, क्लास, ऑफिस आणि बाजार एवढंच असेल तर शंभर सीसी भरपूर झाली. दररोज तीस किलोमीटर आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ७८० किलोमीटर होतात. लिटरला ६० देणाऱ्या गाडीला तेरा लिटर पेट्रोल लागेल, ३५ देणाऱ्या गाडीला बावीसच्या वर. नऊ लिटरचा हा फरक दर महिन्याला खिशातून जातो. उलट, डबलसीट बसून दिवे घाट किंवा कात्रज चढायचा असेल, वरचेवर कोकणात उतरायचं असेल, तर शंभर सीसीची गाडी दुसऱ्या गिअरवर रडत चढते आणि मागून एसटी आली की जीव मुठीत धरावा लागतो. उसाच्या ट्रॉलीला ओलांडतानाही थोडी जास्त ताकद हाताशी असलेली बरी. अशांनी १२५ ते १६० मध्ये पाहावं. चौथ्या-पाचव्या महिन्यात तुम्ही गाडी कशासाठी वापराल याचा विचार करा. पहिल्या महिन्यात सगळेच लोणावळ्याला जातात.

ब्रेकचा विषय मात्र घाईत उरकू नका. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींमध्ये १२५ सीसीच्या वर एबीएस आणि १२५ सीसीपर्यंत निदान सीबीएस असणं बंधनकारक झालं. दोन्हींची नावं सारखी वाटली तरी कामं वेगळी. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. जो माणूस पुढचा ब्रेक वापरतच नाही त्याच्यासाठी ती सोय. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचं थांबलं की टायर रस्त्यावरून घसरतो आणि हँडलचा ताबा जातो. एबीएस सेकंदाच्या आत ब्रेक अनेकदा सैल-घट्ट करून चाक फिरतं ठेवतं. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल वर येतं, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं बुळबुळीत होतात. तिथे हा फरक पडलेला माणूस आणि उभा राहिलेला माणूस इतका असू शकतो. सव्वाशे आणि दीडशे-एकशेसाठच्या दोन गाड्यांमध्ये मन अडकलं असेल तर माझं मत एबीएसच्या गाडीला. सिंगल चॅनल असलं तरी चालेल, कारण ते पुढच्या चाकाला असतं आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं.

हे शेवटचं वाक्य पुष्कळांना पटत नाही. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील’ हे आपण सायकलच्या वयापासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचा आणि माणसाचा भार पुढे झुकतो, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मागचा हलका होतो. हलक्या झालेल्या मागच्या चाकाला एकट्याला ब्रेक लावून गाडी लवकर थांबत नाही, फक्त मागून सरकते. पुढचा ब्रेक धोक्याचा ठरतो तो हँडल वळलेलं असताना, किंवा खडीवर-वाळूवर एकदम आवळल्यावर. वडीलधाऱ्यांचा सल्ला त्या अनुभवातून आलेला आहे. हँडल सरळ ठेवून, आधी हलकेच आणि मग वाढवत, दोन्ही ब्रेक एकत्र वापरायचे. गाडी घरी आली की पहिले आठ दिवस सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानात हाच सराव करा: तीसच्या वेगात या आणि ठरवलेल्या रेषेवर थांबा. गाडीचं एव्हरेज पाहण्याआधी ती किती फुटांत थांबते हे तुम्हाला माहीत झालं पाहिजे.

दिव्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण गाड्या दिवसा विकल्या जातात. तुम्ही ग्रामीण भागात राहत असाल तर ओळखीच्या माणसाची तीच गाडी रात्री गावाबाहेर नेऊन बघा. कारखान्यांच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर पुढचे चार-पाच महिने, पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात रस्त्यांवर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. त्या दिसण्यासाठी उजेड लांबवर पडला पाहिजे. काही एलईडी दिवे जवळ लख्ख आणि लांब अंधार असे असतात. ब्रोशरवर ते कळत नाही.

घरातलं कोण मागे बसणार आहे, त्यालाही एकदा बसवून बघा. आई साडी नेसून एका बाजूला बसणार असेल तर साडी गार्ड, धरायला हँडल आणि पाय ठेवायला जागा हवी. मागे बसणाऱ्यासाठी धरायची पकड, पायठाण आणि मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत झाकणारं संरक्षण नियमानेच द्यावं लागतं. स्पोर्ट्स धाटणीच्या गाड्यांवर मागची सीट एवढी उंच आणि तोकडी असते की तिथे फक्त प्रेमात पडलेला माणूसच बसू शकतो.

सीएनजीवर चालणारी बजाजची फ्रीडम १२५ जुलै २०२४ मध्ये आली. रोजचं अंतर फार असलेल्यांना ती खर्चात परवडते, पण सीट उंच आणि वजन दीडशेला टेकणारं, म्हणून शिकायला पहिली गाडी म्हणून मी ती सुचवणार नाही. इलेक्ट्रिक मोटरसायकलींना बहुधा क्लच-गिअरच नसतो. त्या घेऊन मोटरसायकल शिकण्याचा अर्धा विषय वगळला जातो.

नवी की जुनी? शिकण्यासाठी जुनी, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या सहा महिन्यांत गाडीला ओरखडे पडणारच. ते आधीपासून असले की मन मोकळं राहतं आणि मोकळ्या मनाने माणूस लवकर शिकतो. पण जुनी गाडी घेताना डोळे उघडे हवेत. विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन थंड असताना बघायला येतो, आणि गेल्यावर इंजिनाला हात लावून खात्री करा. गरम करून ठेवलेली गाडी एका बटणात सुरू होते. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. त्याचा खर्च मोठा आहे. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ थोड्या वेळात नाहीशी होते, तिला घाबरू नका. पुढच्या शॉकअबच्या नळ्यांवर ऑइलचा ओघळ आहे का, चेन स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकडे झालेत का, हे बघा. पडलेली गाडी लपवता येत नाही: हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फूटरेस्ट आणि इंजिनाची कडा घासलेली असते. एखाद्याला ती गाडी सरळ रस्त्यावर चालवायला सांगा आणि मागून बघा. पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत दिसलं नाही तर तिथूनच नमस्कार करा.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. वीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीच्या फूटरेस्टचं आणि गिअर लिव्हरचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर रबर खरं बोलतंय. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो; २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली असली तरी इतकं जुनं रबर टणक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या किंवा चिपळूणच्या २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्याही धुऊन-पुसून बाजारात फिरत राहतात. सीट उचलून वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज आणि कोपऱ्यांत वाळलेला गाळ शोधा. आणि जमेल तर एखादा गॅरेजवाला सोबत न्या. त्याला दोनशे-तीनशे रुपये दिले तरी ते वाया जाणार नाहीत.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण चुकवू नका. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर तिथला नाहरकत दाखला लागू शकतो. थकलेली ई-चलनं गाडीच्या नंबरावर ऑनलाइन दिसतात, ती व्यवहाराआधी मालकाकडून भरून घ्या. विमा आणि पीयूसी चालू आहे का बघा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही विचारा. ‘नाव नंतर करू, आधी गाडी घेऊन जा’ असं कोणी म्हणालं तर गाडी तिथेच सोडा. नाव होईपर्यंत कायद्याच्या लेखी मालक जुनाच राहतो आणि अपघात झाला की दोघेही अडकतात.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी सापळे वेगळे. एक्स शोरूम किंमत ही फक्त सुरुवात असते. वाहनकर, नोंदणी आणि विमा धरून ऑन रोड किंमत लेखी मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. त्यामुळे कमी सीसीची गाडी आणखी सोयीची ठरली आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा दिलेला असतो. ‘पाच वर्षांचा विमा काढलाय’ या समजुतीत लोक दुसऱ्या वर्षी त्याचं नूतनीकरण विसरतात. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही, बाहेरचा दर विचारून या. दरपत्रकात हॅण्डलिंग चार्ज किंवा न मागितलेल्या अ‍ॅक्सेसरीज दिसल्या तर त्या कशाच्या, हे मोठ्याने विचारा. शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईकही ऐकतं.

हप्त्यावर घेणार असाल तर व्याज फ्लॅट दराने सांगितलंय का ते पाहा. ८० हजारांचं कर्ज, १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं: व्याज २४ हजार, महिन्याचा हप्ता साधारण २,८९०. ऐकायला दहा टक्के वाटतं, पण मुद्दल दर महिन्याला फिटत असूनही व्याज पूर्ण रकमेवर लावलेलं असल्यामुळे खरा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेकडे घटत्या शिल्लकेवरचा दर विचारून मगच तुलना करा.

दसरा-पाडव्याला गाडी घरी आणायची आपली रीत आहे आणि ती असावी. फक्त त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि घाईत गाडी नीट तपासली जात नाही. दोन दिवस आधी जाऊन तुमच्या नावावर ठरलेली गाडी बघून घ्या: ओरखडे, टायरमधली हवा, सगळे दिवे, हॉर्न, आणि ती कोणत्या महिन्यात बनलेली आहे. हार आणि नारळ मुहूर्तावर.

परवान्याचं काम गाडीच्या आधी सुरू करा. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ज्यांच्याकडे फक्त विनागिअर दुचाकीचा परवाना आहे, त्यांना त्यावर मोटरसायकल चालवता येत नाही. गिअरसह दुचाकीचा वर्ग वाढवून घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं स्कूटर चालवणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हे कारण आयतं सापडतं. पालकांसाठी एक वाक्य: अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हातात मोटरसायकल दिली तर मोटर वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. दहावीच्या निकालाचं बक्षीस दुसरं काहीतरी द्या.

कोणत्या कंपनीची घ्यावी, हे मी मुद्दाम सांगितलेलं नाही. या वजनाच्या आणि ताकदीच्या गटात हिरो, होंडा, बजाज, टीव्हीएस, यामाहा सगळ्यांच्या गाड्या चांगल्या चालतात. निवड अडली तर तालुक्याच्या गावातल्या गॅरेजवाल्याला एवढंच विचारा की कोणत्या गाडीचा पार्ट त्याच दिवशी मिळतो. ‘कोणती गाडी दुरुस्तीला कमी येते’ असं विचारू नका. तो स्प्लेंडरच जास्त येते म्हणेल, कारण रस्त्यावर त्याच जास्त आहेत.

शेवटी हेल्मेट. बजेट ठरवताना ते गाडीच्या किमतीतच धरा, उरलेल्या पैशांत बसवू नका. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. दुकानात दहा मिनिटं घालून उभे राहा. कपाळाला एका जागी टोचत असेल तर ते तुमच्या डोक्याचं नाही. पट्टा लावून मागून वर ढकलल्यावर ते निघालं नाही पाहिजे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. दुचाकी विकताना मानकांत बसणारं हेल्मेट सोबत द्यावं, असं केंद्रीय मोटर वाहन नियमांत लिहिलेलं आहे, तेव्हा डिलिव्हरीच्या दिवशी ते मागून घ्या. मागे बसणाऱ्याला आणि चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट सक्तीचं आहे. त्यामुळे दुसरं हेल्मेट त्याच दिवशी, त्याच बाजारातून विकत घ्या आणि मगच कोणाला तरी मागे बसवा.